दाढेतल्या अळ्या

गुरुवारी सकाळी आठलाच धुरी महाराजांच्या टिनाच्या शेडपुढे शे-दोनशे माणूस जमायचं. परतवाड्याहून येणाऱ्या काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरला कुठे थांबायचं ते सांगावं लागत नसे. गालाला दुपट्टा बांधलेली सवारी दिसली की तो आपणच ब्रेक दाबायचा. शेडमध्ये पाण्याने भरलेली मोठी पितळी परात, परातीच्या मधोमध विटेवर ठेवलेली छोटी शेगडी आणि निखाऱ्यांवर लोखंडी पळी. दाढ दुखणारा माणूस परातीवर वाकून बसला की त्याच्या डोक्यावरून चादर टाकायची. महाराज चादरीत हात घालून तुपात कालवलेल्या औषधाची चिमूट पळीत टाकायचे आणि बांबूच्या नळीने धूर दाढेवर घ्यायला लावायचे. पाच मिनिटांनी चादर निघायची. माणूस खोकून खोकून लाल झालेला असे आणि परातीतल्या पाण्यात पांढऱ्या, वाकड्या, साबुदाण्याहून बारीक अळ्या पडलेल्या असत. लोक “बापा, बापा” करत मागे सरायचे आणि लगेच पुन्हा पुढे घुसायचे.

महाराजांचं खरं नाव ओमप्रकाश. बोलणं मात्र असं की समोरच्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

“घरात साप निंगाला तं तुमी घर पाडता का गा?” ते विचारायचे.

लोक म्हणायचे, नाही.

“मंग दाढेत किडा निंगाला तं डॉक्टर दाढ काहून उपटते? डॉक्टर घर पाडते. आपुन साप काढतो.”

गर्दी हसायची आणि पुढचा रुग्ण चादरीखाली जायचा. औषध हिमालयातलं, विद्या सात पिढ्यांची आणि महाराजांची स्वतःची अक्कलदाढ मात्र अमरावतीच्या डॉक्टरने काढलेली, हे मला नंतर कळलं. नंतर कळलेल्या गोष्टींचीच ही कथा आहे, म्हणून ती सांगताना माझी मान वर होत नाही.

मी अकोल्यात कीटकशास्त्र शिकवते. मोर्शीकडच्या आमच्या गावात माझा मोठा भाऊ खुशालराव, आमचा दादा, लोकांना सांगायचा, “आमची माधवी किड्याईची डॉक्टर हाये.” काहींना वाटे मी किडे बरे करते, काहींना वाटे मी ते मारते. दादाने एकदा खरंच विचारलं होतं की तुमच्या या कीटकशास्त्रात करता तरी काय? मी म्हटलं, पाहतो. आधी पाय मोजायचे, तोंड पाहायचं, अंगावरच्या वळ्या पाहायच्या आणि मग नाव घ्यायचं. नाव घ्यायची घाई केली की फवारणी चुकते आणि पैसा मातीत जातो. त्याला हे फार पटलं होतं.

दादाची संत्र्याची बाग होती. संत्र्याच्या खोडात साल खाणारी अळी शिरते, खोडावर भुशाची जाळी धरते आणि आत भोक पाडून बसते. ती कशी काढायची हे मीच त्याला दाखवलं होतं. जाळी खरवडायची, भोकात तार घालून अळी ओढायची, औषधाचा बोळा कोंबायचा आणि वरून चिखल लिंपायचा. दादाने ही विद्या अर्ध्या तालुक्याला शिकवली. सापडलेली अळी स्पिरिटच्या बाटलीत घालून वर तारखेची चिठ्ठी लावायची, हेही तो शिकला. मी गावाला गेले की माझ्यापुढे बाटल्या मांडून बसायचा, शाळेतल्या पोराने वही दाखवावी तसा.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये त्याचा मोबाइलवर फोटो आला. पाण्यात काहीतरी पांढरं, वाकडं, बारीक. खाली लिहिलं होतं, “हा कोणता किडा?” मी तेव्हा कपाशीच्या बोंडअळीच्या बैठकीत बसले होते, समोर साहेब बोलत होते. मी टेबलाखाली मोबाइल धरून लिहिलं, “अळी दिसते. माशीच्या जातीची असावी. पूर्ण काढून टाक.” किडा कुठे सापडला हे विचारलं नाही. फोटो मोठा करून पाहिला नाही. पाय मोजले नाहीत.

दिवाळीत दादा फराळाला बसला नाही. दाढ दुखते म्हणाला. त्याला खर्र्याची सवय होती, आमच्याकडे कोणाला नाही! सुपारी-तंबाखू-चुना घोटलेली ती पुडी गालात धरूनच माणसं बागेत जातात. मी दोन शब्द रागावले, त्याने हसून मान हलवली आणि मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला परतले.

फेब्रुवारीच्या शेवटी मृग बहाराची संत्री निघतात, तेव्हा मी पुन्हा गेले. दादा दारात उभा होता. उजवा गाल सुजलेला, मानेत गाठ आणि तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. माझ्या पार्वतावहिनीने भाताची पेज केली होती, तीही तो चमच्याने कडेकडेने ओतून घेत होता. मी ओरडलेच. त्याने हाताने मला गप्प केलं, आत गेला आणि चार बाटल्या घेऊन आला. प्रत्येकीवर तारीख होती आणि आत पांढऱ्या अळ्या.

“एकवीस निंगाल्या,” तो सुजल्या तोंडाने म्हणाला. “महाराज म्हणते, दोनच रायल्या. त्या निंगाल्या का भोक भरून येते. तुह्यासाठी ठेवल्या.”

मी म्हटलं, दादा, माणसाच्या जबड्यात अशा अळ्या नसतात. त्याने मोबाइल काढला आणि माझाच निरोप माझ्यासमोर धरला. अळी दिसते. पूर्ण काढून टाक.

“तूच तं म्हणली होती,” तो म्हणाला. “झाडाच्या खोडातून निंगते, मंग मानसाच्या जबड्यातून काहून नाई?”

वहिनीने मग बाकीचं सांगितलं. जुलैत दादा मोर्शीच्या दातांच्या डॉक्टरकडे, धम्मदीपकडे गेला होता. धम्मदीपने गालाच्या आतला चट्टा पाहून त्याच दिवशी अमरावतीला त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवलं होतं, हाताने चिठ्ठी लिहून दिली होती. दादा चिठ्ठी खिशात घालून घरी आला. पुढच्या गुरुवारी कोणीतरी त्याला धुरी महाराजांकडे नेलं. पहिल्या खेपेला सहा अळ्या पडल्या. महाराजांवर त्याचा एकदम विश्वास बसला असंही नाही. म्हणून तर त्याने फोटो काढून बहिणीला विचारलं. बहीण शिकलेली होती, तिने हो म्हटलं.

बाटल्या घेऊन मी त्याच दुपारी अकोल्याला गेले. सूक्ष्मदर्शकाखाली पहिली अळी ठेवली आणि एका मिनिटात खुर्चीत मागे टेकले. माशीच्या अळीला पुढच्या टोकाला तोंडाचा काळा आकडा असतो, मागच्या टोकाला श्वास घ्यायची दोन तपकिरी छिद्रं असतात, अंगावर वळ्या असतात. इथे यातलं काहीच नव्हतं. तोंड नाही, छिद्र नाही, एक वळी नाही. एक टोक निमुळतं आणि दुसरं टोक सुईने उघडलं तर दोन पातळ पाकळ्यांसारखं विलगलं. जगात कोणत्याच अळीचं शेपूट असं दोन पानांत उघडत नाही. ती बी फोडून निघालेल्या रोपाची पहिली दोन पानं होती. मी बाटल्यांतल्या एकवीसही तपासल्या. एकवीस कोंब होते.

बांधावर पिवळ्या फळांची काटेरी भुईरिंगणी असते, दाढेला तिच्या बियांची धुरी द्यायची जुनी रीत मी ऐकून होते, म्हणून त्याच बिया तुपात भिजवून तापल्या पळीत टाकल्या. तड तड करून त्या फुटल्या आणि प्रत्येकीतून गुंडाळलेला पांढरा कोंब उडून खालच्या पाण्यात पडला. दादाच्या बाटलीतला आणि हा शेजारी ठेवला तर मलासुद्धा कोणता कुठला ते ओळखता आलं नसतं. धूर कोणाच्या तोंडात जातो याच्याशी त्यांचा काही संबंधच नव्हता. मी तिथे बसून रडले. सात महिने गेले होते आणि हे कळायला मला एक मिनिट लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दादाला सगळं सांगितलं.

“तवा अळी म्हणली,” तो म्हणाला. “आता बी म्हणून रायली. मी कोनतं खरं धरू?”

वहिनीने हात जोडले, मी पाया पडले, पण तो दवाखान्याला तयार होईना. दोन अळ्या राहिल्यात, येत्या गुरुवारी निघतील, मग पाहू म्हणाला. एकेक दिवस चालला होता आणि त्याच्या मानेतली गाठ मला दिसत होती.

मी धम्मदीपकडे गेले. त्याने मला दोष दिला नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. तो म्हणाला, मॅडम, सांगून होणार नाही, दाखवावं लागेल. त्याची आई दुर्गाबाई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तोंडाचं पार बोळकं झालेली.

“मले घेऊन चाला,” ती म्हणाली. “माही दाढ लय दुखून रायली.” आणि तोंड उघडून आम्हा दोघांना दाखवलं. आत एक दात नव्हता.

गुरुवारी आम्ही शेडवर गेलो. दादाला मी म्हटलं, तुझ्या दोन अळ्या काढूनच घेऊ, पण आधी या म्हातारीचा नंबर लागू दे. दुपट्टा बांधून तो परातीजवळच्या बाकावर बसला. मी शेडच्या दारात थबकले. दारावर मोठा फ्लेक्स होता. मध्ये महाराजांचा फोटो, शेजारी परात आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, “अकोल्याच्या कीटकशास्त्राच्या डॉक्टर माधवी मॅडम यांनी तपासून खरा ठरवलेला किडा.” त्याखाली माझा निरोप, जसाच्या तसा छापलेला. दादाने तो भाबडेपणाने महाराजांना दाखवला असणार. बाहेरगावची माणसं तो वाचत होती आणि आत जात होती. किती जणांनी माझ्या नावावर तपासणी टाळली असेल, हे मला आजही माहीत नाही, आणि ती मोजदाद आता होणारही नाही.

दुर्गाबाई तोंडावर पदर धरून परातीशी बसली. महाराजांनी तिचं तोंड पाहिलं नाही. पाहायची गरज त्यांना कधीच पडली नव्हती. चादर पडली, पळी तडतडली, म्हातारी खोकली, चादर निघाली.

“अकरा,” महाराजांनी परातीवर बोट फिरवत जाहीर केलं. “माय, तुह्या जबड्याचं तं वारूळ झालं होतं.”

“वरच्या दाढेतून का खालच्या?” दुर्गाबाईने विचारलं.

“खालच्या. उजव्या अंगाच्या.”

म्हातारीने पदर काढला आणि उठून गर्दीकडे तोंड केलं. मग सावकाश आ वासला. पुढच्या रांगेतल्या बायांनी पाहिलं, मग मागच्यांनी. आधी एक बाई हसली. मग हसणं थांबलं, कारण बहुतेकांच्या हातात आपापल्या अळ्यांची पुडी होती.

“मले एकबी दात नाई रे बाबू,” दुर्गाबाई म्हणाली. “दहा वर्सापासून नाई. किडा का खाऊन जगला?”

महाराज सावरले. हिरड्यांतही किडा असतो, असं काहीसं बोलायला लागले. मी पुढे झाले, परात रिकामी केली, स्वच्छ पाणी ओतलं. कोणाला बसवलं नाही, चादर टाकली नाही. महाराजांच्याच डबीतली चिमूट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पळीत टाकली. बिया फुटल्या आणि पाण्यात एकामागून एक पांढऱ्या अळ्या पडू लागल्या. परातीवर कोणीच वाकलेलं नव्हतं. मी भिंग फिरवलं, पोरांना सुया दिल्या, कोंबाची दोन पानं उघडून दाखवली. शेडच्या मागे वाढलेली भुईरिंगणी एकाने उपटून आणली. तेवढ्या वेळात महाराज मागच्या दाराने निघून गेले. नंतर पोलिसांत तक्रार झाली, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. त्या गुरुवारी मात्र मी तिथेच फ्लेक्सपुढे उभी राहिले आणि सांगितलं की हे नाव माझं आहे, मी न पाहता उत्तर दिलं, ते खोटं होतं. फ्लेक्स मी स्वतः काढला.

दादा बाकावर बसूनच होता. त्याने खिशातून धम्मदीपची जुलैतली चिठ्ठी काढली. घडीवर फाटली होती. ती माझ्या हातात देऊन म्हणाला, चाल.

अमरावतीला तुकडा काढला, तिथून नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅनचे फोटो उजेडावर धरले आणि मला बाहेर बोलावलं. कॅन्सर जबड्याच्या हाडात गेलाय, मानेतल्या गाठींत गेलाय, त्या म्हणाल्या. जुलैत हा चट्टा बोटाच्या नखाएवढा होता असं तुमचे दातांचे डॉक्टर लिहितात. तेव्हा आले असते तर बहुधा छोटं ऑपरेशन पुरलं असतं. आता दुखणं कमी करण्याइतकंच आमच्या हातात आहे.

त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दादाची माफी मागितली. बोलणं त्याला जड जात होतं.

“म्या तुह्यावर राग नाई धरला,” तो म्हणाला. “पाय मोजाचे मलेबी येत होते. तूच शिकवलं. बाटल्या भरल्या, तारखा टाकल्या, पन एकबी बाटली डोयाले लावून पायली नाई. भेव लागे, माधे. अळी असली तं निंगून जाते. ते दुसरं असलं तं... म्हनून म्या पायलंच नाई.”

मी त्याचा हात धरून बसले. आमच्यात याहून खरं बोलणं कधी झालं नव्हतं आणि ते त्या व्हरांड्यात व्हावं लागलं, याचं दुःख माझ्या पोटात अजून आहे.

दादा ज्येष्ठात गेला. बागेत आंबिया बहाराची संत्री सुपारीएवढी झाली होती.

तेराव्याला अख्खं गाव जेवायला येतं. मी वहिनीला विचारून मांडवात एक टेबल लावलं. त्यावर सूक्ष्मदर्शक ठेवला, भुईरिंगणीच्या बिया ठेवल्या आणि दादाच्या चारही बाटल्या. खरी माशीची अळीही ठेवली, म्हणजे फरक ज्याचा त्याला दिसेल. शेजारी खुर्ची टाकून धम्मदीप टॉर्च घेऊन बसला. मी भाषण केलं नाही, मला येतही नाही. एवढंच म्हटलं की माझा भाऊ अडाणी नव्हता आणि मी तर शिकलेली आहे, तरी आम्ही दोघांनी न पाहता मानलं. तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडायला लागलं, तर धुरी घेऊ नका, मंत्र घेऊ नका आणि मोबाइलवरून माझ्यासारख्या डॉक्टरचाही सल्ला घेऊ नका. जो स्वतःच्या डोळ्यांनी तुमचं तोंड पाहील आणि तुकडा तपासेल, त्याच्याकडे जा. कोणी काही काढून दाखवलं, तर ते भिंगाखाली धरा आणि विचारा की हे कुठून आलं. विचारल्याने देव रागवत नाही आणि डॉक्टरही रागवता कामा नये.

माणसं आधी लाजली. मग रांग लागली. धम्मदीपने बेचाळीस तोंडं पाहिली आणि दोघांना चिठ्ठ्या दिल्या. पंगती उठल्या, दुपारचा एक वाजला. तेव्हा पार्वतावहिनी आतून आली आणि धम्मदीपसमोर येऊन बसली. ती रोज सकाळी तंबाखूची मिशरी लावते, गावातल्या निम्म्या बाया लावतात. धम्मदीपने टॉर्च लावली आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

“का हाये ते सांगा,” वहिनी म्हणाली. “गोड करून नोका सांगू.”

“ओठाच्या आत पांढरा चट्टा आहे, काकू. लहान आहे. कशाचा आहे ते तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही. या आठवड्यात अमरावतीला तुकडा दाखवू.”

वहिनी उठली. आत जाऊन पिशवी घेऊन आली आणि मला म्हणाली, “माधवीबाई, दोनची गाडी हाये. रात्री मुक्काम करू, सकाळी पयला नंबर लागंल.” मांडवातल्या म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. आज तेरावं, आज बाई उंबऱ्याबाहेर जात नाही, लोक काय म्हणतील, असं सगळ्या एकदम बोलू लागल्या.

“त्याइनं सात मयने वाट पायली,” वहिनी म्हणाली आणि पायात चपला घातल्या.